विषय: पूरनिधी – ब्लँकेटं नकोत, मग काय?

सचिव, मंडळ

मंडळी, नमस्कार. परदेशातल्या आपल्या मंडळाच्या पूरनिधीतली शिल्लक यंदा गोव्यातल्या लहान शेतकऱ्यांसाठी राखून ठेवायचं ठरलं आहे. पाणी चढल्यावर धावपळ करण्यापेक्षा यादी आधीच तयार हवी. आलेल्या सूचना अशा: ब्लँकेटं, कपडे, भाताचं बियाणं, खत. तिकडच्या जाणकारांनी यात काट मारायला संकोच करू नये.

वाळपईहून

ताई, पहिल्या दोन्हींवर काट. खतावरही जवळजवळ काटच, कारण बुडालेल्या रोपाला पाणी ओसरल्याबरोबर युरिया घातला तर त्याच्या मुळांना तो उचलता येत नाही. नवी पांढरी मुळं फुटेपर्यंत आठवडाभर थांबावं लागतं. गढूळ पाण्यात बुडालेलं भात स्वच्छ पाण्यातल्यापेक्षा लवकर मरतं. पानांवर गाळाचा थर बसतो, उजेड पोचत नाही.

रोप जिवंत आहे की नाही ते पानांवरून ठरवू नका. बुंध्याशी नखाने उभं चिरून बघायचं. आतला कोंब पांढरा, टणक असेल तर ते वाचतं. तपकिरी, लिबलिबीत असेल तर गेलं. शेताच्या चार कोपऱ्यांत आणि मधे अशी दहा-दहा रोपं चिरली की निम्म्याहून जास्त गेलं का, हे कळतं.

गेलं असेल तर खरी अडचण बियाण्याची नसून दिवसांची आहे. नेहमीच्या रोपवाटिकेला २१ ते २५ दिवस लागतात. चटई रोपवाटिकेत १५ दिवसांत रोप लावणीला येतं. एका हेक्टरला १०० चौरस मीटर जागा, २० ते २५ किलो बी, खाली प्लास्टिक, त्यावर ४ सेंटिमीटर थर. थरात सात भाग चाळलेली माती, दोन भाग कुजलेलं शेणखत, एक भाग भाताचं तूस. बी २४ तास भिजत, मग २४ तास ओल्या गोणपाटात, आणि मोड डोकावला की पेरायचं. फसतं ते इथे: वर पेंढ्याचं आच्छादन टाकलं नाही तर आपल्याकडच्या एका सरीत सगळं बी एका कोपऱ्यात जमा होतं. आच्छादन चार दिवस ठेवून मग काढायचंच, नाहीतर रोप पिवळं पडतं.

वाण बाहेरून पाठवू नका. इथे ज्योती आणि जया ही भाताची वाणं चालतात. ज्योतीचा लाल दाणा उकड्या तांदळासाठी लागतो. दुसरं काही वाटलं तर लोक घेतील आणि कोंबड्यांना घालतील. ज्योती जयापेक्षा लवकर येते, म्हणून दुबार पेरणीला तीच. ऑगस्टचा मध्य उलटला तर सरदचा, म्हणजे पावसाळी भाताचा, नाद सोडावा आणि पाणी असेल तिथे वायंगण, म्हणजे रब्बी भात, नसेल तिथे जमिनीतल्या ओलीवर अळसांदे, म्हणजे चवळी, असं ठरवून टाकावं. उशिरा लावलेलं भात दाणे भरायच्या वेळी पाण्यावाचून पोकळ राहतं. त्यापेक्षा अळसांद्याचं बी दिलेलं परवडलं.

तिसवाडीहून

वाळपईच्या काकांनी लिहिलं ते गोड्या पाण्याचं. खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतात, बांध फुटून खारं पाणी शिरलं तर आधी बांध, मग बी. भगदाड उधाणाच्या भरतीत बुजवायला जाऊ नका, केलेलं काम रात्रीत वाहून जातं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, पाण्याची चढउतार कमी. ते दोन-तीन दिवस धरायचे.

हिशेब द्यायचा तर, तीन मीटर रुंद, दीड मीटर उंच भगदाडाला सुमारे ४०० सिमेंटची रिकामी पोती लागतात. माथा ६० सेंटिमीटर आणि पाया साडेतीन मीटर धरून हा आकडा आहे. पोतं दोन तृतीयांशच भरायचं. गच्च भरलं की ते गोल होतं, दोन पोत्यांमधल्या फटीतून पाणी झिरपतं. आत चिकण माती, वाळू नाही. तोंड बांधाच्या आतल्या अंगाला दुमडून ठेवायचं आणि विटांसारखी सांधमोड करत रचायचं. ही पोती उन्हात काही महिन्यांत विरतात, तेव्हा पावसाळ्यानंतर पक्कं काम करावंच लागतं. मानशीची (बांधातल्या पाणी सोडायच्या झडपेची) दारं नीट मिटतात का हेही त्याच वेळी बघावं. बांध शाबूत असून सडक्या फळीतून शेत खारं झालेलं असतं, आणि दोष बांधाला जातो.

खार धुवायला पावसाचं पाणी पुरतं: दहा-पंधरा सेंटिमीटर साठवून दोन दिवस ठेवा, ओहोटीला मानशीतून सोडा, असं तीन-चार वेळा. जिप्समची घाई नको, ते चोपण (सोडियम साचलेल्या) जमिनीचं औषध, इथली खाजनं आम्लधर्मी. क्षारता मोजायचं छोटं यंत्र मात्र मंडळाने घेऊन द्यावं. धुऊन झालं की नाही हे जिभेवर ठरवण्यापेक्षा बरं. तिथे कोरगुट हे खाजनातलं जुनं वाण किंवा जुन्या गोव्याच्या संशोधन केंद्राने काढलेली ‘गोवा धान’ची क्षारसहनशील वाणं लागतात, ज्योती नाही.

मडगावहून, हिशेबाबद्दल

मंडळ परदेशात नोंदलेलं, म्हणजे भारताच्या कायद्याच्या दृष्टीने विदेशी स्रोत. गोव्यातल्या संस्थेला पैसे द्यायचे तर तिच्याकडे विदेशी अंशदान नियमन कायदा, २०१० खालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी, आणि रक्कम दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या तिच्या ठरलेल्या खात्यातच यायला हवी. २०२० च्या दुरुस्तीनंतर त्या संस्थेला ती पुढे दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. म्हणजे ‘मोठ्या संस्थेला देऊ, ती गावच्या कुळांच्या संघाला देईल’ हा मार्ग बंद. तिनेच पोती, बी, प्लास्टिक विकत घेऊन वाटायचं. प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत.

भारतीय पासपोर्ट असलेल्यांनी स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिलेले पैसे यात येत नाहीत. पोर्तुगीज पासपोर्ट किंवा ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांचं कार्ड) असलेल्यांचे येतात. आपल्या घरांत नवरा एका पासपोर्टचा आणि बायको दुसऱ्या, असं सर्रास असतं. पावती कुणाच्या नावे ते आधी ठरवा.

सचिव, मंडळ

सरकारी भरपाई असते ना? मग आपण नेमकं कुणाला द्यायचं?

फोंड्याहून

असते, पण गणित बघा. २०२२ मध्ये ठरलेल्या, २०२५-२६ पर्यंतच्या केंद्राच्या निकषांत ३३ टक्के किंवा जास्त नुकसान झालं तर पावसावरच्या पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये, तेही दोन हेक्टरपर्यंत. अर्धा हेक्टरवाल्याला ४,२५० रुपये. तीन इंचांहून जाड गाळ बसला तर तो काढायला हेक्टरी १८,००० रुपये. राज्याचा शेतकरी आधार निधी वेगळा, त्याचा अर्ज विभागीय कृषी कार्यालयात.

गाळाचा फोटो काढताना फूटपट्टी गाळात जमिनीपर्यंत खुपसून, आकडा दिसेल असा काढावा. पाऊस दोन दिवसांत थर बसवतो, मग साडेतीन इंचांचे अडीच होतात. पंचनाम्याआधी शेत साफ केलं तर दाखवायला काही उरत नाही, आणि थांबलं तर पेरणी हुकते. म्हणून एक कोपरा तसाच ठेवून बाकी काम सुरू करावं.

गळतो तो माणूस वेगळाच. जमिनीच्या उताऱ्यावर, म्हणजे नमुना १ व १४ वर, नाव भाटकाराचं (जमीनमालकाचं), किंवा जमीन कोमुनिदादची (गावच्या सामाईक जमिनीच्या संस्थेची), आणि कसणारा तोंडी वाट्याने. त्याच्याकडे कृषी कार्ड नाही, मग अर्जच नाही. बी आणि पोती पहिल्यांदा त्याला द्या. कागद मागू नका, शेजारच्या दोन शेतकऱ्यांची सही घ्या.

वाळपईहून

एक राहिलं, कुळागरं, म्हणजे सुपारीच्या बागा. सततच्या पावसात सुपारीला कोळेरोग (फळं सडून गळणं) झपाट्याने येतो. त्यावर फवारायला १ टक्का बोर्डो मिश्रण: १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १०० लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या पिंपांत कालवून मग एकत्र करायचं, लोखंडी भांडं नको. मिश्रणात लोखंडी सुरी मिनिटभर बुडवून बाहेर काढा. पात्यावर तांब्याचा लालसर थर आला तर चुना कमी पडला, अजून घाला, नाहीतर पानं करपतात. त्याच दिवशी संपवायचं. मोरचूद सहज मिळतो, चांगला चुना पावसात मिळत नाही, दुकानात हवेने मेलेला असतो. तेवढा हवाबंद डब्यात आधी घेऊन ठेवा.

सचिव, मंडळ

पोती मे महिन्यातच घेऊन ठेवू. नवी की वापरलेली?

तिसवाडीहून

वापरलेली चालतात, शिवण उसवलेली नको.