आगरटाकळीत 26 लाखांत टू बीएचके: घ्यावा की सोडावा?

उत्तरमुखी
नाशिकच्या आगरटाकळीत, नासर्डी नदीपासून पायी पाच मिनिटांवर, 18 वर्षं जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट आहे. कार्पेट 610 चौरस फूट, लिफ्ट नाही. मागणी 26 लाख. थोडं पुढे उपनगर नावाच्या भागाकडे एवढाच फ्लॅट 36 ला जातो. सोसायटी नोंदणीकृत आहे, पण भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहण्यायोग्य असल्याचा महापालिकेचा दाखला) नाही आणि अभिहस्तांतरणही, म्हणजे जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर करणंही, झालेलं नाही. द्वारका चौक जवळ, नाशिकरोड स्टेशन जवळ, आणि तिसऱ्या मजल्यावर पूर काही चढत नाही. माझं मत घेण्याकडे झुकतंय. विरोधात काही असेल तर मुद्द्यासकट सांगा.

कागद_आधी
सोडा. भोगवटा नसलेल्या रीसेल फ्लॅटला बऱ्याच बँका कर्ज देत नाहीत. जी वित्तसंस्था देते ती व्याज चढं लावते. उद्या तुम्ही विकायला काढाल तेव्हा गिऱ्हाईकही रोखीवालंच शोधावं लागेल. म्हणजे आज मिळणारी सूट पुढच्याला तुम्हालाच द्यायची आहे.

आणि पूर तिसऱ्या मजल्यावर चढत नाही हे खरं, पण इमारत पूररेषेत असेल तर पुनर्विकास अडतो. निळ्या रेषेच्या (नेहमीच्या पुराची हद्द) आत फक्त अधिकृत इमारतीचाच पुनर्विकास होऊ शकतो, तोही पाटबंधारे खात्याचा ना-हरकत दाखला घेऊन आणि जोतं लाल रेषेच्या (मोठ्या पुराची हद्द) पातळीपेक्षा 45 सेंटिमीटर वर ठेवून. ‘अधिकृत’ हा शब्द नीट वाचा.

साधा_हिशोब
असहमत. भोगवटा नाही म्हणजे इमारत बेकायदा, असं नाशिकमध्ये सरसकट म्हणता येत नाही. 2015-16 च्या सुमारास कपाट प्रकरणात कितीतरी इमारतींचे पूर्णत्वाचे दाखले अडले होते. एफएसआयमधून (प्लॉटवर किती बांधता येतं ते प्रमाण) सूट मिळालेली कपाटाची जागा बिल्डरांनी खोलीत ओढून घेतली होती. अशी बांधकामं दंड भरून नियमित करायचे मार्ग पुढे निघाले. म्हणून दाखला का अडला ते आधी काढा. मंजूर नकाशाची प्रत महापालिकेच्या नगररचना विभागातून माहिती अधिकारात मिळते. टेप घेऊन बेडरूम मोजा आणि नकाशाशी ताडून पाहा. फरक कपाटाएवढा, दोन फुटांचा असेल तर भाव पाडून घ्या. अख्खा मजला जादा निघाला तर मीही सोडाच म्हणेन.

स्लॅबपारखी
दोघंही कागदावरच बोलताय. आधी पार्किंगमध्ये उतरा.

जमिनीपासून कंबरेपर्यंत भिंतीला लोणा (ओलीमुळे येणारा पांढरा क्षार) धरलाय का, रंगाचा पट्टा बदललाय का ते बघा. 4 ऑगस्ट 2019 च्या पुरात गोदाघाटावरची दुतोंड्या मारुतीची मूर्ती बुडाली होती. गोदावरी अशी फुगली की नासर्डीचं पाणी तिच्यात शिरत नाही, मागे तुंबतं, आणि टाकळी तर या दोन नद्यांच्या संगमावरच आहे. रंग नवा असेल तर वीजमीटरच्या पेट्या बघा. त्या मुद्दाम वर उचलून बसवल्या असतील तर पाणी आत येतं याची तेवढी खूण पुरे.

मग भूमिगत टाकीचं झाकण. ते रस्त्याच्या पातळीला असेल तर पुराचं पाणी ड्रेनेजसकट टाकीत उतरतं आणि तिसऱ्या मजल्याच्या नळालाही तेच येतं. पंप बुडाला की वाइंडिंग जळतं, आणि लिफ्ट नसताना बादल्या जिन्यानं चढवाव्या लागतात.

कॉलमवर उभी, सरळ रेषेत चीर आणि तांबूस ओघळ दिसला तर आतली सळई गंजून फुगली आहे. शेजारी नाण्यानं ठोका. पोकळ वाजलं तर गिलावा सुटलाय. त्यावर नुसतं प्लास्टर मारून भागत नाही. सुटं काँक्रीट फोडून, सळई घासून, गरज असेल तिथे जॅकेटिंग (कॉलमभोवती नवं काँक्रीटचं आवरण) करावं लागतं. नदीकाठच्या काळ्या मातीत पाया हलला तर खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघते. तिच्यात पेन्सिलीचं टोक जात असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअर आणल्याशिवाय पुढे जाऊ नका.

कागद_आधी
एक खर्च कुणीच धरला नाही. रेडी रेकनरप्रमाणे (सरकारी दरपत्रक) मूल्य समजा 31 लाख निघालं. मुद्रांक शुल्क 26 वर नाही, 31 वर लागेल. शिवाय फरक 5 लाख, म्हणजे खरेदी किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त. मग ते 5 लाख आयकरात घेणाऱ्याचं उत्पन्न धरलं जातं. 30 टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर दीड लाख आणि वर उपकर.

साधा_हिशोब
हा मुद्दा मान्य, माझ्याकडून राहिला होता. तरी करार करण्याआधी मूल्यांकन काढून घेता येतं, आणि तेवढी रक्कम भावातून कापून मागता येते. टोकन द्यायचंच तर लेखी अटीवर द्या: 30 वर्षांचा सर्च रिपोर्ट (मालकीच्या जुन्या नोंदींचा तपास), घरपट्टी-पाणीपट्टीची थकबाकी शून्य, सोसायटीचा ना-हरकत दाखला. यातलं एक जरी अडलं तरी टोकन परत. अभिहस्तांतरणासाठी सोसायटीला जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणाचा (बिल्डरच्या सहीशिवाय होणारं) अर्ज करता येतो. बिल्डरची वाट बघायची गरज नाही.

स्लॅबपारखी
आणि आगरटाकळीचं मलजल शुद्धीकरण केंद्र विसरू नका. दुपारी वारं असताना गेलात तर काही कळणार नाही. थंडीत पहाटे हवा पडलेली असते, वास तेव्हा बसतो. सहा वाजता जाऊन बेडरूमची खिडकी उघडा.

उत्तरमुखी
टोकन थांबवतोय. नगररचनेत अर्ज उद्याच टाकतो, त्यातच पूररेषेचा नकाशाही मागतो. पार्किंग आणि टाकी रविवारी पहाटे बघतो. विक्रेत्याला चालणार नसेल तर तेही कळेलच.