नानांच्या ट्रकवरचा तारा खरोखर मर्सिडीजचाच होता का?

पांझराकाठ (धुळे) यांचा प्रश्न

गेल्या वैशाखात जळगावला आमच्या भाच्याचे लग्न होते. नवरदेवासाठी भाड्याने आणलेली पांढरी मर्सिडीज मंगल कार्यालयाच्या दारात उभी होती आणि घरातली पोरे तिला टेकून फोटो काढण्यात गुंग होती. माझे वडील (त्यांना घरात सगळे नानाच म्हणतात) आता ८४ वर्षांचे आहेत. ते काठी टेकत गाडीपाशी गेले, पुढच्या ताऱ्यावरून त्यांनी बोट फिरवले आणि सहज म्हणाले, "हाई गाडी मी अकरा वरीस चालाडेल शे." पोरे खो खो हसली. एकाने तर विचारले, "आजोबा, तेव्हा विमान नव्हते का चालवत?" नाना काही बोलले नाहीत, जेवणाच्या पंगतीकडे निघून गेले. मला मात्र ते हसणे लागले.

नानांनी १९६२ पासून १९७३ पर्यंत धुळ्यातील एका व्यापाऱ्याचा ट्रक चालवला. कापसाच्या गाठी मुंबईला आणि नंदुरबारची मिरची इंदूरला, अशा त्यांच्या नेहमीच्या खेपा असत. त्या ट्रकला ते आजही 'मर्सडी' म्हणतात आणि त्याच्या तोंडावर असाच तारा होता असे ठामपणे सांगतात. तो ट्रक खरोखर त्याच जर्मन कंपनीचा होता का, आणि असेल तर कापूस वाहणारी गाडी बनवणाऱ्या कंपनीला श्रीमंतांची गाडी हा लौकिक कोठून मिळाला, हे जाणकारांनी कृपया सांगावे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात या कंपनीचे वर्तन चांगले नव्हते असेही ऐकून आहे. त्याविषयीही कोणी लिहिल्यास बरे होईल.

आग्रारोड_फिटर (धुळे)

पांझराकाठ साहेब, प्रथम नानांना माझा नमस्कार सांगावा. नाना अगदी खरे बोलले.

टाटांची टेल्को ही कंपनी १९४५ मध्ये जमशेदपूरला रेल्वेची वाफेची इंजिने बनवण्यासाठी निघाली. १९५४ मध्ये तिने डाइमलर-बेंझ या जर्मन कंपनीशी पंधरा वर्षांचा करार केला आणि त्या करारातून जे ट्रक कारखान्याबाहेर पडू लागले त्यांचे नावच मुळी टाटा-मर्सिडीज-बेंझ असे होते. पुढच्या जाळीवर तीन टोकांचा तोच तारा असे. १९६९ मध्ये कराराची मुदत संपली, तारा उतरला आणि त्याच्या जागी वर्तुळातला टाटांचा 'टी' आला. तोपर्यंत बहुतेक सगळे भाग येथेच तयार होऊ लागले होते, त्यामुळे चालवणाऱ्याला आणि दुरुस्त करणाऱ्याला फरक जाणवला तो फक्त जाळीवरचा. गाड्यांना आकड्यांनी ओळखण्याची रीतही जर्मनांचीच राहिली. १२१० म्हणजे बारा टनांची आणि सुमारे शंभर अश्वशक्तीची गाडी, १६१३ म्हणजे सोळा टनांची आणि १३० अश्वशक्तीची. हे गणित आमच्या उस्तादांनी मला पहिल्याच आठवड्यात शिकवले होते.

मी १९७१ मध्ये हेल्पर म्हणून गॅरेजात लागलो तेव्हा तारेवाल्या गाड्या भरपूर येत असत. पौषातल्या पहाटे त्या सुरू करणे हा एक विधीच होता. डॅशबोर्डावरची कळ एक टप्पा ओढून धरायची, लहान जाळीआडची तार लालभडक होईपर्यंत थांबायचे आणि मगच कळ पूर्ण ओढायची. याला ड्रायव्हर लोक 'हीटर देणे' म्हणत. घाई केली तर इंजिन पांढरा धूर ओकत बसे, बॅटरी उतरे आणि मग बाजार समितीतले चार हमाल बोलावून धक्का मारण्यावाचून गत्यंतर नसे.

हीटर लागण्याचे कारण त्या इंजिनाच्या घडणीत होते. त्यात डिझेल थेट सिलिंडरात न फवारता आधी हेडमधल्या एका लहान कोठडीत फवारले जाते; तेथे ते पेट घेते आणि पेटलेला झोत छिद्रांवाटे मुख्य सिलिंडरात घुसतो. बेंझ कंपनीतील प्रॉस्पर लोरांज या अभियंत्याने १९०९ मध्ये या कल्पनेचे पेटंट घेतले होते आणि १९२३ मध्ये बेंझने डिझेलवर चालणारा ट्रक तयार केला. या रचनेत डिझेल फवारायला फार मोठा दाब लागत नाही, इंजिनाचा ठोका मऊ राहतो आणि हलक्या प्रतीच्या डिझेलवरही ते कुरकुर करीत नाही. कोठडीच्या भिंती उष्णता शोषून घेतात म्हणून थंडीत हीटर लागतो आणि डिझेल थोडे जास्त जाते, एवढाच काय तो तोटा. पुढे थेट सिलिंडरात डिझेल फवारणारी इंजिने आली आणि हीटरची कटकट गेली. (पंपाला आम्ही सगळे 'मायको' म्हणायचो. ती बंगळुरूची कंपनी, १९५१ मध्ये निघालेली, बॉशची. आणि बॉशचे मूळ गाव श्टुटगार्ट, म्हणजे डाइमलरच्या दाराशीच.)

त्या काळी लळिंगचा आणि सेंधव्याकडचा बिजासनीचा घाट कागदावरच्या वजनाच्या दीडपट माल भरून चढायचे, हे आज सांगायला हरकत नाही. गाडी पहिल्या गिअरमध्ये माणसाच्या चालीने चढे, क्लीनर लाकडी गुटका हातात घेऊन मागच्या चाकाबरोबर चालत असे. आपल्या भागात या नावाला मान मिळाला तो त्या घाटात. गाडीच्या गाद्या कशा होत्या हे विचाराल तर काथ्याच्या होत्या.

बोरीकाठचा_मास्तर (अमळनेर)

फिटर साहेबांनी ट्रकचे काम फत्ते केले आहे. मी इतिहासाचा निवृत्त शिक्षक आहे, तेव्हा उरलेल्या प्रश्नांकडे वळतो.

ही कंपनी मुळात एक नव्हती. मानहाइम येथील कार्ल बेंझ यांनी २९ जानेवारी १८८६ रोजी तीन चाकी मोटारगाडीसाठी ३७४३५ क्रमांकाच्या पेटंटचा अर्ज केला. तिचे इंजिन एका सिलिंडरचे आणि पाऊण अश्वशक्तीचे होते. त्याच सुमारास तेथून सुमारे शंभर किलोमीटरवर, श्टुटगार्टजवळच्या कानश्टाट येथे गॉटलीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख स्वतंत्रपणे इंजिने बनवीत होते. या दोन घराण्यांची कित्येक वर्षे स्पर्धा चालली आणि पहिल्या महायुद्धानंतरच्या मंदीने दोघांचेही कंबरडे मोडल्यावर जून १९२६ मध्ये ती एक झाली.

लौकिकाची पायाभरणी मात्र एका बाईने केली असे माझे मत आहे. बेर्टा बेंझ यांनी लग्नाआधीच आपल्या वाट्याचा पैसा कार्लच्या बुडत्या धंद्यात घातला होता. गाडी तयार झाली तरी गिऱ्हाईक मिळेना, तेव्हा ऑगस्ट १८८८ मध्ये नवऱ्याला न सांगता त्या दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला, आपल्या माहेरी, निघाल्या. अंतर सुमारे १०६ किलोमीटर, म्हणजे धुळ्याहून जळगाव गाठून वर थोडे. इंधन संपले तेव्हा वीसलोख गावच्या औषधाच्या दुकानातून लिग्रोइन हा डाग काढण्याचा द्राव विकत घेतला. नळी तुंबली ती टोपीच्या पिनेने मोकळी केली. ब्रेकचे लाकडी गुटके झिजले तेव्हा चांभाराकडून त्यांवर चामडे ठोकून घेतले. चढावर मुलांना खाली उतरून गाडी ढकलावी लागली, म्हणून परत आल्यावर त्यांच्या सांगण्यावरून कार्लने आणखी एक गिअर बसवला. गाडी माणसाला माहेरी पोचवू शकते, ही गोष्ट त्या दिवशी लोकांनी डोळ्यांनी पाहिली. फिटर साहेबांच्या क्लीनरच्या हातातला गुटका वाचताना मला नेमके हेच आठवले.

'मर्सिडीज' हे नाव डाइमलरच्या बाजूने आले. फ्रान्समधील नीस येथे राहणारे एमिल येलिनेक हे ऑस्ट्रियाचे धनिक व्यापारी डाइमलरच्या गाड्या बड्या लोकांना विकत असत. १९०० मध्ये त्यांनी ३६ गाड्यांची एकगठ्ठा मागणी नोंदवली आणि नव्या इंजिनाला आपल्या मुलीचे नाव द्यावे अशी अट घातली. डाइमलर त्याच वर्षी वारले. गाडी घडवली ती मायबाख यांनी. ३५ अश्वशक्तीची ती गाडी मार्च १९०१ मध्ये नीसच्या शर्यतींत सर्वांच्या पुढे गेली आणि १९०२ मध्ये नाव नोंदले गेले. श्रीमंतांची गाडी ही ओळख तेथून सुरू होते, कारण तिचे पहिले गिऱ्हाईकच नीसच्या किनाऱ्यावर हिवाळा घालवणारे होते. तीन टोकांचा तारा १९०९ मध्ये आला. जमीन, पाणी आणि आकाश या तिन्ही ठिकाणी आपली इंजिने चालावीत असा त्याचा अर्थ.

आता महायुद्ध. येथे मी शब्द मवाळ करणार नाही. नाझी राजवटीत कंपनीने सैन्यासाठी गाड्या आणि लढाऊ विमानांची इंजिने बनवली, आणि १९४४ मध्ये तिच्याकडे राबणाऱ्या ६३,६१० माणसांपैकी जवळजवळ निम्मी माणसे सक्तीने आणलेले मजूर, युद्धकैदी किंवा छळछावण्यांतील बंदी होती. हा आकडा कंपनी स्वतःच आज सांगते. १९८८ मध्ये तिने भरपाई म्हणून दोन कोटी मार्क दिले, म्हणजे युद्ध संपल्यावर ४३ वर्षांनी. यातली सर्वांत बोचरी गोष्ट अशी, की येलिनेक यांचे वडील व्हिएन्नाचे मुख्य रब्बी होते. ज्या राजवटीने ज्यूंचा संहार मांडला तिचे पुढारी एका रब्बीच्या नातीच्या नावाच्या गाडीतून मिरवत होते. आपले जळगावचे सराफ वहीत जमेबरोबर नावेचीही बाजू लिहितात. कंपनीचा लौकिक मोजताना ही नावेची बाजू गाळता येणार नाही.

केळीबाग (सावदा)

मास्तरांची वही थोडी पुढे नेतो, कारण नावेच्या बाजूला १९४५ नंतरच्याही नोंदी आहेत आणि आपल्याकडे तारा दिसला की माणसे हात जोडतात.

अपघातात गाडीचा पुढचा आणि मागचा भाग चुरगळून धक्का पिऊन टाकील आणि मधला माणसांचा पिंजरा शाबूत राहील, ही कल्पना याच कंपनीच्या बेला बारेनी यांची. त्यांनी १९५१ मध्ये पेटंटचा अर्ज केला आणि १९५९ मध्ये तशी गाडी रस्त्यावर आली. १९७८ मध्ये बॉशबरोबर तयार केलेले, चाक जाम होऊ न देणारे ब्रेक याच कंपनीने आपल्या मोठ्या गाडीत दिले. इतके असूनही १९९७ मध्ये तिची नवी, लहान ए-क्लास स्वीडनमध्ये पत्रकारांच्या चाचणीत उलटली. रस्त्यात अचानक सांबरासारखे मोठे जनावर आले तर गाडी कशी वळते, एवढीच ती चाचणी होती. कंपनीने आधी विषय उडवून लावला आणि मग विक्री थांबवून प्रत्येक गाडीत तोल सावरणारी यंत्रणा मोफत बसवली. २०१० मध्ये किमान २२ देशांतील अधिकाऱ्यांना लाच दिल्याच्या प्रकरणात अमेरिकेत १८.५ कोटी डॉलर भरले. २०२० मध्ये डिझेल गाड्यांच्या धुराच्या चाचणीत लबाडी केल्याच्या प्रकरणी, आरोप मान्य न करता, तेथील सरकारशी सुमारे दीड अब्ज डॉलरची तडजोड केली.

आणखी एक. आपल्याकडे श्रीमंतांची मर्सिडीज ही गोष्ट तशी अलीकडची आहे. कंपनीने १९९४ मध्ये भारतात स्वतःचे बस्तान बसवले, १९९५ मध्ये पिंपरीत टेल्कोच्याच आवारात मोटारी जोडायला सुरुवात केली आणि २००९ मध्ये चाकणला स्वतंत्र कारखाना उघडला. तोवर आपल्या बापजाद्यांना माहीत असलेला तारा ट्रकचाच होता. तेव्हा हसायचे असेल तर नानांनी पोरांना हसावे.

आग्रारोड_फिटर (धुळे)

केळीबाग भाऊ, तुमचे सगळे मान्य. त्यात एक पुरवणी जोडतो. चोपडा-यावल रस्त्यावर दहा माणसे आत आणि चार मागे लटकवून धावणाऱ्या काळ्या-पिवळ्या ट्रॅक्स तुम्ही रोज पाहता. त्यांचे डिझेल इंजिन ओएम ६१६ या मर्सिडीजच्या इंजिनाच्या घराण्यातले आहे; पुण्याच्या बजाज टेम्पोने त्याचा परवाना घेतला होता. हेच इंजिन मर्सिडीजच्या २४० डी या मोटारीत असे. ग्रीसमधील एका टॅक्सीचालकाने आपली २४० डी ४६ लाख किलोमीटर चालवून शेवटी कंपनीच्या संग्रहालयाला दिली. (इंजिने अर्थात मधूनमधून बदलली होती, हे सांगितले नाही तर माझे उस्ताद वरून रागावतील.) म्हणजे सावद्याच्या बाजारला काळ्या-पिवळीने जाणारी आजीबाईही एका अर्थाने मर्सिडीजनेच जाते.

पांझराकाठ (धुळे)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल संध्याकाळी नानांना ओट्यावर बसवून सगळी उत्तरे वाचून दाखवली. बेर्टाबाईंचा प्रवास त्यांनी दोनदा वाचायला लावला. युद्धाच्या भागावर ते बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले की आम्हाला यातले कोणी काही सांगितले नव्हते. फिटर साहेबांसाठी त्यांचा निरोप आहे: हीटर देताना तारेकडे पाहत बसायची गरज नसे, बिडी पेटवून दोन झुरके मारले की तार लाल झालेलीच असे.

रात्री ट्रंकेतून त्यांनी एक फोटो शोधून काढला. दसऱ्याचा आहे. नाना बंपरवर एक पाय ठेवून उभे आहेत, क्लीनरच्या हातात नारळ आहे आणि जाळीवर झेंडूची जाड माळ टाकलेली आहे. माळेआड तारा बराचसा झाकला गेला आहे, पण त्याची खालची दोन टोके स्पष्ट दिसतात. फोटो भाच्याला पाठवला आहे. त्याचे उत्तर आले, की मामा, ट्रकचा नंबर वाचता येतो का ते पाहा.