मंगळवारी संध्याकाळी बी विंगखालचं पार्किंग रिकामं हवंय

रविवार, १२ एप्रिल

नाना (बी-३०४): नमस्कार मंडळी. गुड मॉर्निंग नाही, काम आहे. आपल्या आणि शेजारच्या दोन सोसायट्यांत मिळून आम्ही सात जण व्यंगचित्रं काढतो. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी माझ्याकडे बसतो, एकमेकांच्या रेघांना नावं ठेवतो आणि चहा पितो. आज ठरलं की ५ मेला, म्हणजे जागतिक व्यंगचित्रकार दिनाला, चित्रं लोकांसमोर लावायची. सोसायटीत जागा मिळेल का?

सेक्रेटरी (ए-१०१): नाना, कल्पना उत्तम. पण हा ग्रुप फक्त सूचनांसाठी आहे.

नाना: मी सूचनाच करतोय.

सेक्रेटरी: 🙏 बरं. जागा किती लागेल?

वहिनी (ए-५०२): चित्रं साठेक आहेत. क्लबहाऊसमध्ये मावणार नाहीत. तिथे कॅरम, योगाच्या मॅट आणि गणपतीचं मखर आहे. मखर ऑगस्टपर्यंत हलणार नाही, हे मागच्या वर्षी झालेल्या भांडणात ठरलंय.

दादा (बी-६०१): गच्ची?

नाना: मे महिन्यात गच्चीवर पापड वाळत घालतात, चित्रं नाही.

दादा: मग कंपाउंडची भिंत, बाहेरच्या बाजूने. रस्त्यावरून जाणाऱ्यांनाही दिसेल.

वहिनी: आणि वळीव आला तर? पुण्यात मे महिन्यात दुपारी चार वाजता आभाळ कसं येतं माहितीये ना. दहा मिनिटांत साठ चित्रांचा लगदा.

डॉक्टर (बी-१०२): बी विंगखालचं पार्किंग घेऊ. वर स्लॅब आहे, दोन बाजू मोकळ्या आहेत, खांबांना दोऱ्या बांधता येतील. बाहेरून आलेला माणूस गेटमधून थेट तिथे पोचेल, लिफ्टकडे फिरकणार नाही.

सेक्रेटरी: पार्किंग??

खजिनदार (सी-४०२): डॉक्टर, इथे पार्किंगचा विषय काढायला तुम्ही नवे आहात का 😄

माई (ए-३०२): पण ५ मेच का? नानांचा वाढदिवस आहे का त्या दिवशी?

नाना: नाही माई. न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्रात ५ मे १८९५ ला रिचर्ड आउटकॉल्टचं एक चित्र रंगीत छापून आलं. वस्तीतला एक टकलू पोरगा, अंगात पायघोळ झगा. पुढे त्या झग्याला पिवळा रंग मिळाला आणि पोरगा ‘यलो किड’ म्हणून गाजला. त्या तारखेवरून हा दिवस.

माई: म्हणजे पोरगा अमेरिकेतला, आणि पार्किंग आमचं रिकामं करायचं.

नाना: मदर्स डेला सुनेने केक आणला तेव्हा नाही विचारलंत तुम्ही, तो दिवस कुठला ते.

माई: 😂😂 घ्या पार्किंग.

दादा: ५ मे मंगळवार आहे. ३ मेचा रविवार करा की. ऑफिसवाले कसे येणार?

वहिनी: १ मे शुक्रवार आहे दादा. महाराष्ट्र दिनाला जोडून शनिवार-रविवार. तीन दिवस निम्मी सोसायटी कोकणात आणि उरलेली महाबळेश्वरच्या घाटात गाडीत बसलेली. मंगळवारी सगळे परत आलेले असतील. साडेपाच ते नऊ ठेवू.

सेक्रेटरी: मंगळवारी संध्याकाळी बऱ्याच गाड्या आठनंतर येतात, तेव्हा होऊ शकेल. पण आधी चित्रं ग्रुपवर टाका. नंतर तक्रार नको.

नाना: टाकतो. पण फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा रे सगळ्यांनी. व्हॉट्सॲप बारीक रेघ खाऊन टाकतं. निबची रेघ तिथे स्केचपेनसारखी दिसते.

वहिनी: (चित्र पाठवलं)

वहिनी: शाळेच्या गेटवरचं. आईच्या पाठीवर दप्तर, हातात डबा, काखेत थर्माकोलचा प्रकल्प, गळ्यात वॉटरबॅग. मुलाच्या हातात फक्त मोबाईल. खाली ओळ आहे, ‘आमचा बाळ आता स्वतःचं स्वतः करतो’.

खजिनदार: हे आमच्याच घरातलं आहे 😄

नाना: चित्र झकास. आईची वाकलेली मान फारच छान उतरली आहे. ओळीवर अंगठा ठेवून बघा. ओळ झाकूनही हसू येतंय ना? मग ओळ काढा. आणि चित्र झाकून नुसत्या ओळीवर हसू आलं, तर चित्र काढून टाका आणि ओळ कोपऱ्यावरच्या चहावाल्याला सांगून या.

वहिनी: नाना, त्या ओळीसाठी मी दोन दिवस घालवलेत.

नाना: म्हणूनच काढायला जड जातेय.

डॉक्टर: शि. द. फडणीसांचं ‘मोहिनी’चं ते मुखपृष्ठ आठवा. बसस्टॉपवर तो आणि ती. त्याच्या शर्टावर मांजरं, तिच्या साडीवर उंदीर. एकही शब्द नाही.

माई: अगं बाई, ती साडी! अंक घरी आला तेव्हा मी लहान होते. उंदीर पळतायत एवढंच कळलं होतं. बाकीचं कळायला दहा वर्षं गेली.

नाना: माई, तुम्ही आत्ता जे सांगितलंत ते मी चाळीस वर्षं लोकांना समजावतोय.

खजिनदार: फडणीस म्हणजे आमचं गणिताचं पुस्तक! बालभारतीचं. गणितातली आकडेमोड काही लक्षात नाही, पण माणसांचे ते गुबगुबीत गाल आठवतात.

सेक्रेटरी: तुम्ही खजिनदार आहात हे लक्षात असू द्या.

नाना: त्यांचा जन्म २९ जुलै १९२५ चा, म्हणजे जन्माला शंभर वर्षं उलटली. एका खांबाला त्यांच्याबद्दल मोठ्या अक्षरात लिहून लावू. चित्र मात्र त्यांचं छापायचं नाही. परवानगीशिवाय दुसऱ्याचं चित्र लावायचं नाही, हा आमच्या मंडळींचा पहिला नियम. इथे रोज सकाळी फॉरवर्ड होणाऱ्या व्यंगचित्रांच्या कोपऱ्यातली सही कुणीतरी कापलेली असते, ते बघून माझा चहा गार होतो.

माई: ते मी पाठवते ना? मी नाही हो कापत. तशीच येतात.

चिऊ (सी-२०३): (चित्र पाठवलं)

चिऊ: नानाआजोबा, माझं. ओळ नाहीये. 🙈

दादा: याचा अर्थ काय?

नाना: अर्थ विचारायचा नाही. दहा मोजा आणि परत बघा.

दादा: गाडीला कव्हर घातलंय. कव्हरवर दारासारखं तोरण. बाजूला पाटी, डोअरबेल, दुधाची पिशवी. खाली मांजराची चार पिल्लं रांगेत झोपलीत. आणि एक मांजर पोस्टमनकडून मेंटेनन्सचं बिल घेतंय… ओहो 😂😂😂

खजिनदार: 😂 मांजराने तरी वेळेवर भरलं!

डॉक्टर: चिऊ, कव्हरच्या चुण्या कशाने काढल्यास? ब्रश?

चिऊ: ब्रशपेन. आधी निबने काढत होते, पण सारखा कागद फाटत होता.

नाना: कार्ट्रिज पेपर पातळ घेतलास. जाड घे. आणि पोस्टमनची टोपी आता कुणी घालत नाही, तरी ठेव. टोपीशिवाय तो कुरिअरवाला दिसेल.

सोमवार, १३ एप्रिल

अण्णा (सी-५०१): काल रात्री बघितलं. ते चित्र कुणाच्या गाडीवर आहे हे सोसायटीत सगळ्यांना कळतं. सेक्रेटरींनी लक्ष घालावं.

सेक्रेटरी: मीही तेच म्हणणार होतो. काही नियम करू. एक, सोसायटीतल्या कुणावर चित्र नको. दोन, राजकारण नको. तीन, जात-धर्म नको. चार, महापालिका नको, आपला पाण्याचा अर्ज तिथे पडून आहे.

नाना: मग झाडं उरली.

वहिनी: झाडाची फांदी तोडायलाही महापालिकेची परवानगी लागते, नाना.

खजिनदार: राजकारण कसं टाळणार? मराठी व्यंगचित्राची निम्मी कमाई तीच आहे. बाळासाहेब आणि श्रीकांत ठाकरे यांनी १९६० साली ‘मार्मिक’ काढलं, ते व्यंगचित्रांच्या जोरावर.

नाना: खरंय. आणि माझी राजकीय चित्रं मी आणणारच आहे, पाच-सहा. पण सेक्रेटरीसाहेब, एक सांगतो. पुढाऱ्यावर काढणं सोपं असतं. तो आपल्या ग्रुपवर नाही, लिफ्टमध्ये भेटत नाही, त्याला साखर मागायला जावं लागत नाही. चिऊने शेजाऱ्याच्या गाडीवर काढलंय, ते जास्त अवघड आहे.

अण्णा: म्हणजे तुम्ही मान्य करताय की माझ्या गाडीवर आहे.

नाना: आता तुम्हीच सांगितल्यावर मान्य करावंच लागेल. चित्रात नंबरप्लेट नाही अण्णा. नाव नाही. माणूसच नाही. मांजर आहे.

अण्णा: शब्दांत खेळू नका.

डॉक्टर: अण्णा, मंगेश तेंडुलकर दिवाळीत नळस्टॉप चौकात उभे राहायचे, आठवतं? सिग्नल मोडणाऱ्यांवर चित्रं काढायचे आणि शुभेच्छापत्रं करून गाडीवाल्यांच्याच हातात द्यायचे. माझ्या स्कूटरवर मला मिळालंय एक. राग आला होता. अजून ड्रॉवरमध्ये आहे.

अण्णा: ते तेंडुलकर होते. ही मुलगी एसवायला आहे.

चिऊ: अण्णाकाका, सॉरी. मी हे चित्र लावत नाही. दुसरं देते.

नाना: चिऊ, घाई करू नकोस. चित्र लावायचं की नाही हे ठरवायला बावीस दिवस आहेत.

सेक्रेटरी: विषय इथे थांबवू. ज्यांना बोलायचं आहे त्यांनी वैयक्तिक बोलावं.

माई: (गुलाबाचं फूल, शुभ सोमवार)

बुधवार, १५ एप्रिल

दादा: छपाईचं बघून आलो. ए३ साइझ, जाड कागद, साठ प्रिंट. सनबोर्डवर चिकटवल्या तर खर्च तिप्पट. मग दोरी आणि कपड्यांचे चिमटे?

वहिनी: चिमटेच. छान दिसतील. प्रत्येक घरातून दहा चिमटे गोळा करू, परत देताना भांडणं होतील तेवढीच.

डॉक्टर: मूळ चित्रं नका लावू कुणी. वारा, आईस्क्रीमची बोटं, सेल्फीवाले. प्रिंटच लावा.

नाना: मान्य. आणि अर्कचित्रांचा कोपरा हवा. डॉक्टर आणि शेजारच्या सोसायटीतले दोघं बसतील, प्रत्येकाला पाच मिनिटं, फुकट. पाटी लावा, ‘नाक आवडलं नाही तर परत मिळणार नाही’.

डॉक्टर: लहान मुलं आणि नवीन लग्न झालेल्या सुना मी घेणार नाही. गुळगुळीत चेहऱ्यात पकडायला काही नसतं आणि काही पकडलं तर सासर चिडतं. मला चष्मे, मिशा, टकलं पाठवा.

खजिनदार: कमिटी पूर्ण येईल 😄

दादा: नाना, एक विचारू? बँकेची नोकरी सांभाळून तुम्ही हे कधी करायचात?

नाना: रात्री, पोरं झोपल्यावर. त्यात विशेष काही नाही. वसंत सरवटे एसीसीत सिव्हिल इंजिनिअर होते. दिवसा काम सिमेंट कंपनीचं आणि रात्री ती कमालीची देखणी रेघ. मी तर नुसता लेजर भरायचो. लेजरमध्ये मात्र चित्र काढलं नाही कधी. एकदाच काढलं. ऑडिटरचं.

सेक्रेटरी: पार्किंगच्या दोन ट्यूब बंद आहेत, त्या बदलून घेतो. स्पीकर लावायचा नाही, म्हणजे पोलिसांची परवानगी नको. बी विंगखाली अकरा गाड्या आहेत. दहा जणांनी ५ तारखेला साडेचारला गाडी काढायचं कबूल केलंय.

वहिनी: दहाच?

सेक्रेटरी: दहा.

दादा: अकरावी बरोब्बर मधे आहे. तिच्याभोवती प्रदर्शन लावायचं म्हणजे देवळात प्रदक्षिणा.

नाना: दादा, पुरे. ती गाडी ज्यांची, जागाही त्यांची. त्यांनी नाही म्हटलं तर आपण प्रदक्षिणा घालू.

गुरुवार, १६ एप्रिल

अण्णा: नाना, सकाळपासून तीन वेळा लिहून खोडलं. गाडी तीन वर्षं हलली नाही हे खरं आहे. मोतीबिंदूनंतर मी चालवत नाही. मुलगा आला की त्याला हाताशी असावी म्हणून ठेवली. तो येतो तेव्हा विमानतळावरून कॅबने येतो आणि कॅबनेच जातो.

नाना: अण्णा, हे मला माहीत नव्हतं. चिऊला तर नाहीच.

अण्णा: माहीत असण्याचं कारण नाही. मी कुणाला सांगितलं नव्हतं. हिने चित्र बघितलं. ती कालपासून हसतेय आणि मला म्हणते, तोरण आपल्या दारावरचंच आहे, तेच मणी.

चिऊ: हो काकू. 🙈 येताजाता बघून काढलं.

अण्णा: गाडीची बॅटरी उतरली आहे. चाकांत हवा नाही. ढकलायला चौघं लागतील, आणि किल्ली मला शोधावी लागेल.

दादा: मी येतो. पंप आणतो.

डॉक्टर: मी.

खजिनदार: मी दुरून सूचना देईन, कंबर आहे.

सेक्रेटरी: चित्राबद्दल अण्णा तुमचं काय ते स्पष्ट लिहा, मिनिटबुकात नोंद करावी लागेल.

अण्णा: पाटीवरचं नाव नीट दिसत नाही. वाचता येईल इतकं मोठं कर म्हणावं.

चिऊ: काका, पाटीवर नाव नाहीये. नुसत्या रेघोट्या आहेत.

अण्णा: मग राहू दे रेघोट्या.

शनिवार, १८ एप्रिल

सेक्रेटरी: अण्णांच्या गाडीचं कव्हर काढायला घेतलं होतं. थांबवलंय. वॉचमनमामा म्हणतात, खाली खरंच पिल्लं आहेत. तीन. डोळे उघडायचेत अजून. कुणी हात लावू नये.

माई: अगं बाई! दूध ठेवू का?

वहिनी: पिल्लांना नको माई, त्यांची आई बघेल. तिच्यासाठी पाणी ठेवा.

दादा: ५ तारखेपर्यंत होतील ना मोठी?

डॉक्टर: डोळे उघडतील आठवड्यात. पंधरा-सतरा दिवसांत बाहेर फिरायला लागतील. नाही लागली तर प्रदक्षिणा.

चिऊ: मामांना नीट बघायला सांगा ना. मी चार काढलीत.

नाना: तू चित्र काढलंस तेव्हा खाली वाकून बघितलं होतंस का?

चिऊ: नाही. मनाने काढली.

अण्णा: चौथं बॉनेटमध्ये असेल. किल्ली सापडली आहे, पण आज उघडत नाही. मामा, रात्री दोरीचा अडसर लावा, कुणी गाडी रिव्हर्स घेताना बघणार नाही.