'कावणे' म्हणजे राग की वैताग?

शुक्रवारपेठ:
भाचीच्या प्रोजेक्टवरनं घरात वाद पेटलाय, म्हणून विचारतोय. ती मानसशास्त्राला आहे. गल्लीतल्या बायकांकडनं फॉर्म भरून घेत होती, 'आज दिवसभरात काय वाटलं?' पुढं सहा चौकटी: राग, दुःख, भीती, आनंद, किळस, आश्चर्य. शेजारच्या काकू तांदूळ निवडत बसलेल्या. म्हणाल्या, "आज लई कावलोय मी." (बाहेरच्यांसाठी: आमच्या कोल्हापुरात बायकाही आलो-गेलोच म्हणतात.) भाचीनं 'राग'वर टिक केली. काकूंनी सूप खाली ठेवलं. "राग कुणावर करू बाई? नळाला पाणी नाही, गॅस संपला, त्यात पाहुणे दारात. कावलोय म्हटलं मी." टिक खोडली. आता करायची कुठं?

पुण्याची_शमा:
वैताग. आम्ही 'काव आणला नुसता' म्हणतो ते त्रास देण्याच्याच अर्थानं. यात अवघड काय आहे?

गुऱ्हाळ:
शमाताई, थोडं आहे. 'मास्तर माझ्यावर कावले' म्हणजे ओरडले. 'ह्या कामानं कावलो' म्हणजे जीव मेटाकुटीला आला. क्रियापद एकच, अर्थ फिरतो तो पुढच्या 'वर' नि 'नं'वर. 'वर' आला की समोर माणूस उभा असतो, 'नं' आला की फक्त ओझं. 'रागं भरणे'चं असं होत नाही, 'कामानं रागं भरलो' कोल्हापुरात कुणी म्हणणार नाही. काकूंचं वाक्य 'वर'शिवाय होतं, तिथंच भाचीनं थांबायला पाहिजे होतं.

सहा चौकटी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॉल एकमनच्या यादीतल्या दिसतात. चेहऱ्याचे फोटो दाखवून भावना ओळखायला लावायच्या, त्यातनं आलेली यादी. आपल्या नाट्यशास्त्रात स्थायीभाव, म्हणजे मनातल्या मूळ भावना, आठ. 'उत्साह' तिथं आहे, एकमनकडं नाही. वैताग दोन्हीकडं नाही, काकूंचं नशीब.

शब्दवेडी:
एका शब्दात दोन भावना, यावर 2019 साली 'सायन्स' या विज्ञान-नियतकालिकात मोठा अभ्यास आला होता. जोशुआ जॅक्सन आणि सहकाऱ्यांनी 2,474 भाषांमधले शब्द तपासले. कुठल्या भाषेत कुठल्या दोन भावनांना एकच शब्द आहे ते बघून भावनांचे नकाशे काढले. नकाशे भाषाकुळागणिक चांगलेच वेगळे निघाले. ऑस्ट्रोनेशियन (इंडोनेशिया, फिलिपिन्सकडच्या) भाषांत आश्चर्य भीतीला चिकटलेलं, ताई-कडाई (थाई वगैरे) भाषांत तेच आशेजवळ. सगळीकडं सारखी फाळणी मुख्यतः दोनच गोष्टींवर: बरं वाटतं की वाईट, आणि अंग तापतं की थंड राहतं. 'कावणे' वाईट खात्यात आहे यावर वाद नाही. पण 'वर' लागला की तापतं नि 'नं' लागला की अंग गळतं, हे मला गुऱ्हाळ यांचं वाचून आत्ता सुचलं.

मराठीतलं माझं आवडतं उदाहरण 'काळजी'. 'मुलाची काळजी वाटते' आणि 'मुलाची काळजी घेते'. घोर आणि जपणूक एकाच शब्दात, निवाडा क्रियापदानं करायचा. फॉर्मवर नुसतं 'काळजी' लिहिलं तर निम्म्या आया आनंदानं टिक करतील.

पुण्याची_शमा:
पटलं. पण अचूक शब्दानं फरक काय पडतो? काकूंना पाणी थोडंच मिळणार?

शब्दवेडी:
पाणी नाही मिळणार :) पण मानसशास्त्रज्ञ मॅथ्यू लीबरमनच्या गटानं 2007 मध्ये 30 जणांच्या मेंदूची स्कॅन घेतली होती. रागीट, घाबरलेले चेहरे दाखवून भावनेला शब्द निवडायला सांगितला, तेव्हा अमिग्डाला (मेंदूतला भीती-धोका टिपणारा भाग) शांत झाली. त्याच चेहऱ्याला नुसतं माणसाचं नाव निवडायला लावलं तर तितकी नाही. मात्र ते चेहरे दुसऱ्यांचे होते, स्वतःचा वैताग नव्हे. त्यावरनं काकूंना डोस पाजू नका.

शुक्रवारपेठ:
काकूंना डोस? ते धाडस घरात कुणाचं नाही. भाचीनं सातवी चौकट पेनानं आखली, 'कावलोय' लिहिलं आणि खाली कंसात 'नं, वर नव्हे'. गाईड काय म्हणतील ते म्हणतील. खालच्या आळीत परत गेली तर पहिल्या चार जणींतल्या तिघींनी तिथंच टिक केली. चौथी म्हणाली, "मला 'वर'चीबी चौकट पाहिजे, सासूसाठी."