टास्कवॉरिअर (कमांड टाइप करून कामांची यादी ठेवायचा प्रोग्राम): कामांचे नंबर आपोआप का बदलतात?

प्रश्न: ३ नंबरचं काम 'डन' केलं, यादी पाहिली, मग ५ नंबरचं 'डन' केलं, तर भलतंच काम पूर्ण झालं. शिवाय दर आठवड्याचं काम टाकताना एरर येते.

उत्तर १: हा बिघाड नाही. तो नंबर कायमचा नसतो. काम पूर्ण झालं की पुढची यादी दाखवताना प्रोग्राम उरलेल्या कामांना नव्याने नंबर देतो. म्हणून अनेक कामं एकाच कमांडमध्ये उरका: 'टास्क ३,५,८ डन'. स्क्रिप्टमध्ये तर नंबर वापरूच नका, यूयूआयडी (प्रत्येक कामाचा न बदलणारा ओळख-कोड) वापरा. 'टास्क ३ इन्फो' दिलं की तो दिसतो, पहिली ८ अक्षरं पुरतात. चुकलेलं 'टास्क अनडू'ने परत येतं, पण ते फक्त शेवटचा बदल उलटवतं, म्हणून लगेच करा.

उत्तर २: एरर बहुधा 'ड्यू' (मुदतीची तारीख) नसल्याची आहे. 'रिकर:वीकली'सोबत (म्हणजे दर आठवड्याला) 'ड्यू:मंडे' लागतंच. कोलननंतर स्पेस नको, नाहीतर तारीख वेगळा शब्द ठरते. आणि प्रत्येक कामाला 'ड्यू' लावू नका, सगळंच तातडीचं दिसायला लागतं (हा रोग सगळ्यांना होतो). नंतर बघायचं असेल तर 'वेट' लावा. त्या तारखेपर्यंत काम यादीत दिसत नाही.

उत्तर ३: दोन कॉम्प्युटर असतील तर डेटाचं फोल्डर क्लाउड ड्राइव्हमध्ये ठेवू नका. दोन्हीकडे एकदम बदल झाले की फाइल बिघडू शकते. दोन्हीकडची यादी जुळवायला 'टास्क सिंक' ही कमांड आहे. आणि बॅकअप म्हणून अधूनमधून 'टास्क एक्सपोर्ट'चं आउटपुट फाइलमध्ये साठवा.