जुन्या व्यापारी संकुलातील गाळ्याचे नूतनीकरण: रॅम्प बंधनकारक आहे का?

गाळेमालक, नाशिक:
आमच्या १९८६ सालच्या संकुलात तळमजल्यावरचे दोन गाळे एकत्र करून तेथे पॅथॉलॉजी लॅब सुरू करण्याचे ठरले आहे. दोन्ही गाळ्यांची मिळून दर्शनी रुंदी २४ फूट आहे, जोते दीड फूट उंच असल्याने तीन पायऱ्या आहेत आणि पुढे समासाची (इमारतीभोवती मोकळी सोडलेली) जागा जेमतेम १० फूट आहे. इमारत जुनी असल्याने रॅम्पची सक्ती नाही, असे ठेकेदार म्हणतो. फारच वाटले तर ५ फुटांचा उतार ओतून देतो म्हणतो. हे बरोबर आहे का?

वकील, पुणे:
बरोबर नाही. दिव्यांग व्यक्तींचे अधिकार अधिनियम, २०१६ यात ‘सार्वजनिक इमारत’ या संज्ञेत लोकांची ये-जा असलेली खासगी इमारतही येते आणि अशा अस्तित्वातील इमारती सुगम करण्यासाठी कलम ४५ ने, नियम अधिसूचित झाल्यापासून, ५ वर्षांची मुदत दिली होती. नियम जून २०१७ मध्ये आले, म्हणजे ती मुदत केव्हाच उलटली आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांपैकी सुगमतेच्या मानकांविषयीचा नियम १५(१) रद्द केला, त्याचा अर्थ ‘आता काहीच लागू नाही’ असा काही जण लावतात. वास्तविक त्यातील मानके केवळ शिफारशीसारखी उरली होती, हाच न्यायालयाचा आक्षेप होता, आणि म्हणूनच सक्तीचे नियम करण्याचा आदेश देण्यात आला.

आर्किटेक्ट, नाशिक:
दीड फूट उंचीला ५ फुटांचा उतार म्हणजे साधारण १:३. ती घसरगुंडी झाली. १:१२ या प्रमाणाने १८ फूट लांबी लागते. रॅम्प रस्त्याकडे काढण्याऐवजी दर्शनी भिंतीला समांतर घ्यावा: १८ फूट उतार आणि वर दारासमोर ५ फुटांचा सपाट टप्पा, मिळून २३ फूट. राज्याच्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे रुंदी १.८ मीटर, म्हणजे सुमारे ६ फूट धरली तरी पुढे ४ फूट उरतात, त्यात टप्प्यावरून उतरणाऱ्या पायऱ्या बसतात. पायऱ्या काढून टाकू नयेत, कारण कॅलिपर (पायाला बांधायचा आधार) किंवा काठी वापरणाऱ्या अनेकांना उतारापेक्षा कठडा असलेली पायरी सोपी जाते. समास सामाईक असल्यास सोसायटीचे संमतिपत्र आणि महापालिकेच्या नगररचना विभागाची परवानगी मात्र आधी घ्यावी.

व्हीलचेअर वापरणारा, ठाणे:
रॅम्पवर विषय संपवू नका, ही विनंती. गेल्या वर्षी एका लॅबमध्ये रॅम्प उत्तम होता, पण त्यावर चकचकीत ग्रॅनाइट बसवलेले असल्याने पावसात चाके घसरत होती आणि शेवटी रखवालदाराने खुर्ची मागून धरली. आत लघवीचा नमुना द्यायचा तर स्वच्छतागृहाचे दार आत उघडणारे, त्यामुळे खुर्ची आत गेल्यावर दार लागेना, आणि मला ते उघडे ठेवूनच नमुना द्यावा लागला. दार बाहेर उघडणारे आणि मोकळी रुंदी ९०० मिमी असलेले हवे. नमुने घेण्याच्या खिडकीचा कट्टाही बसलेल्या माणसाच्या हाताला येईल एवढ्या उंचीवर ठेवावा.

गाळेमालक, नाशिक:
आभारी आहे. स्वच्छतागृहाचे दार आराखड्यात आतच उघडत होते. ते आज बदलून घेतले. ग्रॅनाइटऐवजी खरबरीत कोटा दगड वापरला तर चालेल का?