स्वॉशप्लेट समतल करायची ती लिंकने की सबट्रिमने?

चक्रपाती:
नवशिक्यांची ४५० वर्गातली (एका छोट्या आकाराची) रिमोट कंट्रोल हेलिकॉप्टरं हातात येतात तेव्हा एक गोष्ट फार सलते. तीन सर्व्हो (हुकमाप्रमाणे फिरणाऱ्या छोट्या मोटरी) १२० अंशांवर, त्यांच्यावरचे हात म्हणजे हॉर्न कसेही कललेले, आणि स्वॉशप्लेट (मुख्य पात्यांचा कोन बदलणारी तबकडी) मात्र सबट्रिम देऊन, म्हणजे सर्व्होचा मध्य इलेक्ट्रॉनिक पद्धतीने सरकवून, समतल केलेली! माझं मत ठाम आहे: सबट्रिम हॉर्न काटकोनात आणण्यापुरता. प्लेट समतल करायची ती लिंकची, म्हणजे हॉर्न आणि प्लेट जोडणाऱ्या दांडीची, लांबी बदलूनच.

१४ मिमीचा हॉर्न मध्यावर ७ अंश कललेला असेल, तर दोन्हीकडे ४०-४० अंश फिरूनही एकीकडे साधारण ९.३ मिमी चाल मिळते, दुसरीकडे ८.५. बाकीचे दोन नीट असले की कलेक्टिव्ह (सगळ्या पात्यांचा कोन एकदम बदलण्याचा हुकूम) देताना प्लेट तिरकी होणारच.

आणि हॉर्न बसवताना घाई कशाला? २५ दातांच्या सर्व्होवर एक दात म्हणजे १४.४ अंश. चार हातांचा हॉर्न घेतला तर प्रत्येक हात ३.६ अंशांच्या फरकाने बसतो. चारही लावून बघा, जवळात जवळचा ठेवा, बाकीचे कापा.

गगनभरारी:
हे फ्लायबारच्या (रोटर स्थिर ठेवणाऱ्या आडव्या दांडीच्या) काळात ठीक होतं. आता प्लेट तिरकी झाली तर जायरोला (मशीनचा कल ओळखणाऱ्या सेन्सरला) तो कल लगेच कळतो आणि तो सावरतो. शिवाय एम-२ आट्यांच्या लिंकला एक पूर्ण फेरा दिला की ०.४ मिमी फरक पडतो, म्हणजे हॉर्नवर दीड अंशाहून जास्त. अर्धा फेरा दिला तर बॉल-लिंकचं (लिंकच्या टोकाच्या, बॉलवर बसणाऱ्या कडीचं) तोंड उलटं होतं. मग उरलेला बारीक फरक सबट्रिमशिवाय काढणार कसा? नव्या माणसाला आठवडाभर लिंक पिळत बसवलं तर तो छंदच सोडून देईल.

चक्रपाती:
एका फेऱ्याच्या आतला फरक सबट्रिमने काढा, माझी हरकत नाही. पण जायरो सावरतो तो कल झाल्यानंतर. कलेक्टिव्ह झटक्यात दिलं की मशीन आधी एका अंगाला जातं, मग सावरतं. थ्रीडी (हवेतल्या उलटसुलट कसरती) शिकणाऱ्याला वाटतं आपलाच हात चुकतोय, आणि तो नको ती सवय लावून घेतो. याचंच मला वाईट वाटतं.

शेपूटपंखा:
दोघांनीही एक सांगितलं नाही. सबट्रिम द्यायचा तो फ्लायबारलेस युनिटमध्ये, म्हणजे फ्लायबारऐवजी जायरोने मशीन सावरणाऱ्या डबीत. ट्रान्समीटरमधले सगळे सबट्रिम शून्यावर हवेत, नाहीतर काठी मध्यावर असूनही युनिटला वाटतं तुम्ही हुकूम देताय. मिक्सिंग (एका हुकमाची तीन सर्व्होंत वाटणी) युनिट करत असेल तर ट्रान्समीटरमध्ये स्वॉश प्रकार साधा, एका सर्व्होचाच ठेवा.

टेलचा (शेपटीचा) सर्व्हो ७६० मायक्रोसेकंदांचा की १५२० चा, म्हणजे मध्यावर किती लांबीचा सिग्नल मागतो, तेही जोडण्याआधी बघा. ७६० वाल्याला १५२० चा सिग्नल दिला तर तो एका टोकाला जाऊन अडतो आणि जळू शकतो.

गगनभरारी:
ट्रान्समीटरचं एकदम मान्य. पण माझ्या लेखी पहिली तपासणी वेगळीच. मोटरच्या वायरी काढा, मुख्य पाती उतरवा, मशीन हातात धरून पुढे झुकवा. जायरोने सावरायला प्लेट मागे कलवली पाहिजे. ती पुढे कलली, तर हॉर्न कितीही काटकोनात असू देत, उचलल्या उचलल्या मशीन जमिनीवर आपटणार.